एमएमसीच्या साइटवरची माहिती आणि हातातली सर्टिफिकेटं जुळत नाहीत, पडताळणी कशी करायची?

दप्तर_नाशिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ४० खाटांच्या हॉस्पिटलचं दप्तर बघतो. नर्सिंग होम रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल आणि एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) तयारी एकत्रच आली आहे, म्हणून सगळ्या डॉक्टरांची माहिती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या (एमएमसी) सार्वजनिक यादीशी ताडून पाहायला घेतली. निम्म्यांचं सरळ जुळलं. बाकीच्यांत हे घोळ आहेत:

१. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमच्या नावापुढे फक्त एमबीबीएस दिसतं. एमएसची पदवी आमच्याकडे फाइलमध्ये आहे.
२. भूलतज्ज्ञांची मुदत संपलेली दिसते. सर म्हणतात, पैसे भरलेत.
३. एका मॅडमचं नाव यादीत माहेरचं, लेटरहेडवर सासरचं.
४. एक सर्जन कर्नाटकातले. इकडच्या यादीत नावच नाही.
५. रात्रपाळीच्या आरएमओंचा (निवासी डॉक्टरांचा) नंबर टाकला तर भलत्याच डॉक्टरांचं नाव येतं.
६. दिल्लीच्या जुन्या यादीत (आयएमआर, म्हणजे इंडियन मेडिकल रजिस्टर) एकाच नंबरावर पाच-सहा नावं येतात.

यातलं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही? दुरुस्ती आम्ही करायची की डॉक्टरांनी?

नोंदवही

दुरुस्ती डॉक्टरांनीच करायची. कौन्सिलमधली नोंद डॉक्टरची वैयक्तिक असते, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर अर्ज पाठवून ती बदलत नाही. तुमचं काम फरक शोधायचं, लेखी कळवायचं आणि उत्तर फाइलला लावायचं.

शोधायला बसण्याआधी प्रत्येकाचा नंबर कोणत्या कौन्सिलचा आहे हे ठरवा. तुमचा पाचवा आणि सहावा घोळ तिथेच सुटतो. महाराष्ट्रात नोंदवह्या वेगवेगळ्या आहेत. एमबीबीएस आणि त्यापुढचे सगळे १९६५ च्या कायद्याखालच्या एमएमसीत. बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीयूएमएस (युनानी) महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये, त्यांचा कायदा १९६१ चा. होमिओपॅथीची कौन्सिल वेगळी आणि दंतवैद्यांची आणखी वेगळी. आरएमओ बीएएमएस असतील तर त्यांचा नंबर एमएमसीच्या खिडकीत टाकून उपयोग नाही. त्यांच्या नंबरातले फक्त आकडे उचलून टाकले, तर तोच आकडा असलेले एखादे जुने एमबीबीएस डॉक्टर समोर येणारच.

नंबर नुसता पाहूनही बरंच कळतं. एमएमसीचे अलीकडचे नंबर वर्ष, महिना, क्रमांक असे तिरक्या रेघांनी तोडलेले असतात. जुन्या डॉक्टरांचे सरळ आकडे. आयुर्वेदवाल्यांच्या नंबरात पुढे ‘आय’ आणि मागे ‘ए’ अशी अक्षरं दिसतात, दंतवैद्यांच्या पुढे ‘ए’. एक्सेलमध्ये भरताना हा रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर वर्ष-महिन्यावाल्या नंबराची एक्सेल कधीकधी तारीख करून टाकतं, आणि पुढचे सहा महिने तोच चुकीचा नंबर सगळ्या फॉर्मवर फिरत राहतो.

आयएमआरबद्दल. ती देशभरच्या राज्य कौन्सिलांनी पाठवलेल्या माहितीची एकत्र यादी आहे. नुसता नंबर टाकला तर महाराष्ट्र, कर्नाटक, बिहार सगळीकडचे तेच आकडे येणार. राज्य कौन्सिल निवडा, मग नंबर टाका, मग नाव आणि वडिलांचं नाव ताडा. तिथल्या वर्षाच्या रकान्यावरून डॉक्टर किती जुने हे ठरवू नका. ते माहिती दिल्लीत पोहोचल्याचं वर्ष असतं, रजिस्ट्रेशनचं असेलच असं नाही. नोंदणीची खरी तारीख आतल्या तपशिलात बघावी लागते.

नावानं शोधत असाल तर स्पेलिंग बदलून बघा. चौधरी ‘ए-यू’नंही लिहितात आणि ‘ओ-यू’नंही, शेवटी ‘आय’ की ‘वाय’ हा प्रश्न वेगळाच. दहावीच्या सर्टिफिकेटपासून आपल्याकडे आडनाव आधी लिहायची पद्धत, त्यामुळे पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव अशा क्रमानं पूर्ण नाव टाकलंत तर साइट ‘सापडत नाही’ म्हणेल. नुसतं आडनाव टाकून यादी काढा आणि डोळ्यानं शोधा.

आता एमएस न दिसण्याचं. एमबीबीएसच्या नोंदणीवर पुढची पदवी आपोआप चढत नाही. डॉक्टरांना ‘अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन’चा वेगळा अर्ज करावा लागतो. पदवी मिळाली, प्रॅक्टिस सुरू झाली आणि हा अर्ज राहूनच गेला, असं खूप जणांचं असतं. मॅडमना हेच विचारा:

पदवीचं सर्टिफिकेट हातात आहे की नुसतं पासिंग? अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशनचं कौन्सिलचं सर्टिफिकेट आहे का? असेल तर त्याची प्रत घ्या, म्हणजे चूक नुसती ऑनलाइन यादीतली, आणि कौन्सिलला ते सर्टिफिकेट जोडून कळवलं की काम होतं. नसेल तर अर्जच झालेला नाही.

तिसरी शक्यता थोडी त्रासाची. पीजीच्या नव्या जागांना आधी परवानगी मिळायची आणि मान्यता पहिली बॅच परीक्षेला बसताना होणाऱ्या तपासणीनंतर. ही मान्यता रखडली की पदवी विद्यापीठाची, खरी, पण कौन्सिल ती चढवून घेत नाही. यात डॉक्टरांची काहीच चूक नसते. तरी मान्यतेचं पत्र येईपर्यंत तुमच्या कागदावर ‘एमएस, नोंद प्रलंबित’ असंच लिहायला हवं. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे त्या शाखेची खास पात्रता असल्याशिवाय स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवता येत नाही, आणि तपासणीला आलेला माणूस ती पात्रता नोंदवहीतच शोधतो.

नाव बदललेल्या मॅडमना कौन्सिलकडे नावबदलाचा अर्ज करू द्या. लग्नाचं सर्टिफिकेट किंवा राजपत्रातली प्रसिद्धी, मूळ रजिस्ट्रेशन आणि फोटोचं ओळखपत्र ही कागदांची मुख्य मोळी. त्यांना जुनंच नाव ठेवायचं असेल तर तोही मार्ग आहे: लेटरहेड, शिक्का आणि पावत्यांवर नोंदवहीतलं नाव वापरायचं. दोन्ही चालेल. रजिस्टरवर एक आणि डिस्चार्ज कार्डावर दुसरं हे मात्र नको, कारण पहिली अडचण मेडिकोलीगल केसमध्ये साक्षीच्या वेळी येते. मधल्या नावाकडेही बघा. आडनाव तेच राहिलं आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, हा बदल नजरेतून सुटतो.

क्रेडेन्शियल_डेस्क

वरच्या उत्तरात नोंदवहीचं सगळं आलं आहे. यादी जे सांगत नाही त्याबद्दल मी लिहितो.

यादीत नाव सापडलं याचा अर्थ त्या नावाचा डॉक्टर आहे. तुमच्यासमोर बसलेला माणूस तोच आहे हे यादी सांगत नाही. तोतयागिरीत बहुतेकदा नंबर खराच असतो, फक्त दुसऱ्याचा. बाहेरगावी गेलेल्या, परदेशी असलेल्या किंवा वारलेल्या डॉक्टरांचा. म्हणून मूळ सर्टिफिकेट डोळ्यासमोर हवं, त्यावरचा फोटो आणि माणूस ताडायचा, जन्मतारीख आणि पदवीचं वर्ष वयाशी बसतंय का बघायचं. पन्नाशीच्या माणसाचं एमबीबीएस २०१४ चं असेल तर आधी विचारा. उत्तर साधं असू शकतं, पण विचारायला हवंच.

एनएबीएच मूळ स्रोताकडून पडताळणी मागतं. डॉक्टरांनी दिलेली झेरॉक्स, मग ती कितीही साक्षांकित असो, मूळ स्रोत होत नाही. रजिस्ट्रेशनसाठी स्रोत कौन्सिल, पदवीसाठी विद्यापीठ. इथे लोक एक ठरावीक गफलत करतात आणि सगळी पत्रं आरोग्य विद्यापीठाला पाठवतात. नाशिकचं विद्यापीठ १९९८ चं. त्याआधीच्या पदव्या मुंबई, पुणे, नागपूर, मराठवाडा, शिवाजी अशा ज्या त्या विद्यापीठाच्या. संक्रमणाच्या काळातल्या बॅचमध्ये प्रवेश जुन्या विद्यापीठाचा होता, म्हणून सर्टिफिकेटवर शिक्का कोणाचा आहे तो बघूनच पत्ता लिहा. डीएनबी असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय परीक्षा मंडळ. पत्रासोबत डॉक्टरांचं संमतीपत्र, पीआरएन (विद्यापीठाचा विद्यार्थी-नोंदणी नंबर) किंवा सीट नंबर आणि उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष द्या. नुसतं नाव पाठवलंत तर पत्र परत येतं किंवा येतच नाही. शुल्क भरल्याची पावती आणि पाठवलेल्या ईमेलची प्रत फाइलला ठेवा. उत्तर यायला उशीर झाला तरी तुम्ही विचारणा कधी केली होती हे तपासनिसाला दाखवता येतं.

पदव्यांच्या अक्षरांत तीन ठिकाणी थांबा.

एक, परदेशी एमडी. रशिया, त्याच्या शेजारची राष्ट्रं, फिलिपिन्स इथल्या पहिल्याच पदवीचं नाव एमडी किंवा ‘एमडी फिजिशियन’ असतं. इथे ती एमबीबीएसच्या बरोबरीची धरतात. १५ मार्च २००२ नंतर पदवी घेतलेल्यांनी स्क्रीनिंग टेस्ट, म्हणजे एफएमजीई, पास केलेली असली पाहिजे. ते सर्टिफिकेट आणि इंटर्नशिपचं सर्टिफिकेट दोन्ही मागा. अशा डॉक्टरांना ‘एमडी मेडिसिन’ म्हणून बोर्डावर चढवलं तर चूक हॉस्पिटलची.

दोन, फेलोशिप. सहा महिन्यांची असो, वर्षाची असो, ती अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंदली गेली नसेल तर नावापुढे पदवीसारखी लावू नये. फाइलमध्ये अनुभव म्हणून ठेवा.

तीन, सीपीएसच्या (कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स) पदविका. या संस्थेच्या पदविकांची मान्यता वेळोवेळी बदलत गेली आहे. आज मान्य आहे की नाही यावर न थांबता, त्या डॉक्टरांना ती पदविका मिळाली तेव्हा मान्य होती का आणि एमएमसीनं ती चढवून घेतली आहे का, एवढंच बघा. कौन्सिलचं सर्टिफिकेट असलं की वाद मिटतो. नुसत्या पदविकेवर विसंबू नका. खोट्या सीपीएस पदविका नोंदवहीपर्यंत पोहोचल्याचं पूर्वी उघड झालं आहे आणि त्यांच्या नोंदण्या कौन्सिलला काढाव्या लागल्या आहेत.

कर्नाटकातल्या सर्जनबद्दल: आधी त्यांच्या मूळ कौन्सिलची यादी बघा, नाव आणि एमएस दोन्ही तिथे आहे का. मग त्यांना तिथून ना-हरकत घेऊन एमएमसीत नोंदणी करायला सांगा. राष्ट्रीय नोंदवहीत नाव असेल तर देशभर प्रॅक्टिस करता येते असा युक्तिवाद होतो, आणि त्यात तथ्यही आहे. तरी तुमच्या जिल्ह्यात नर्सिंग होमचं रिन्यूअल बघणारा अधिकारी एमएमसीचा नंबर मागणार. त्या टेबलावर कायद्याचा कीस पाडण्यापेक्षा नोंदणी लवकर होते.

दप्तर_नाशिक

खूप आभार. दोन उपप्रश्न. एमएमसीनं क्यूआर कोड दिलाय, तो स्कॅन करून स्क्रीनशॉट ठेवला तर पडताळणी झाली का? आणि दिल्लीची नवी नोंदवही आली आहे तर आयएमआर बघायचं कशाला? भूलतज्ज्ञांचं काय करू तेही सांगा, परवापासून त्यांच्या केसेस लागल्या आहेत.

क्यूआर_वाला

क्यूआर उपयोगी आहे. ‘नो युवर डॉक्टर’ म्हणून २०२५ मध्ये कौन्सिलनं आणला, दवाखान्यात दर्शनी भागात लावायचा, रुग्णानं स्कॅन केला की नाव, नोंदणी आणि पात्रता दिसावी हा हेतू. पण भिंतीवरचा कोड कोणीही छापू शकतो. स्कॅन झाल्यावर उघडणारं पान कौन्सिलच्याच पत्त्यावर आहे का, हे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत वाचा. दुसऱ्याच साइटवर नेऊन हिरवी टिक दाखवणारं पान बनवायला फारसं डोकं लागत नाही. मी म्हणेन क्यूआर रुग्णांसाठी ठेवा. तुमच्या फाइलसाठी स्वतः साइटवर जाऊन नंबर टाका आणि त्या पानाची तारीख-वेळ दिसेल अशी छापील प्रत काढा. खाली तपासणाऱ्याची सही. स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये राहिला तर तो कोणाच्याच कामाचा नाही.

नवी नोंदवही म्हणजे एनएमआर (नॅशनल मेडिकल रजिस्टर), ऑगस्ट २०२४ पासून. तिच्यात नाव आपोआप जात नाही, जुन्या यादीतल्या डॉक्टरांनाही नव्यानं अर्ज करायचा आहे. आधार, एमबीबीएसची पदवी आणि पहिल्या नोंदणीचं सर्टिफिकेट लागतं. अर्ज राज्य कौन्सिलकडे जातो, तिथून कॉलेज किंवा विद्यापीठाकडे, आणि परत दिल्लीला. सगळं पार पडलं की वेगळा आयडी. अडतं बहुतेकदा नावावर: आधारवर एक, नोंदवहीत दुसरं. तुमच्या तिसऱ्या क्रमांकाच्या मॅडमनी आधी एमएमसीतलं नाव सरळ करून मग तिकडे जावं, उलट क्रमानं गेलं तर अर्ज लटकतो. सगळे डॉक्टर अजून त्यात नसल्यामुळे तिथे नाव नाही म्हणून कोणाला अडवू नका.

थोडक्यात एमएमसीची यादी पहिली, आयएमआर दुसऱ्या नजरेसाठी, एनएमआर असेल तर उत्तम.

नोंदवही

भूलतज्ज्ञांबद्दल. नोंदणीची मुदत पाच वर्षांची आणि नूतनीकरणासाठी त्या काळात ३० क्रेडिट पॉइंट (मान्य परिषदांच्या हजेरीचे) लागतात. ‘पैसे भरलेत’ आणि ‘रिन्यू झालं’ यात फरक आहे. शुल्क गेलेलं असतं पण पॉइंट कमी पडलेले असतात, किंवा एखादा कागद अस्पष्ट म्हणून अर्ज परत आलेला असतो आणि ज्या ईमेलवर कळवलं तो पत्ता रेसिडेन्सीच्या काळातला. सरांना त्यांच्या लॉगिनमधून अर्जाची स्थिती दाखवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

पॉइंट कमी दिसत असतील तर परिषदेची हजेरी तपासा. हजेरी आयोजकांकडून कौन्सिलकडे जाते. हजेरीपटावर नंबर चुकीचा लिहिला असेल तर पॉइंट त्यांच्या खात्यात पडत नाहीत, सर्टिफिकेट हातात असलं तरी. आणि परिषद कौन्सिलनं मान्य केलेली होती का तेही बघा. औषध कंपनीच्या संध्याकाळच्या प्रत्येक व्याख्यानाला पॉइंट नसतात.

तोपर्यंत त्यांना केसेस द्याव्यात का? माझं मत: अर्ज मुदतीत केल्याची पावती आणि ‘प्रलंबित’ स्थिती दिसत असेल तर वैद्यकीय संचालकांच्या लेखी परवानगीनं, ठरावीक तारखेपर्यंत. मुदत संपून गेल्यावर अर्जच नसेल तर देऊ नका.

भूल_आणि_कागद

शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध. लेखी परवानगीनं तुमच्या संचालकांचं नाव कागदावर येतं, सरांची नोंद चालू होत नाही. भुलीत काही बिघडलं तर विमा कंपनी आणि ग्राहक आयोग दोघंही त्या दिवशी नोंदणी चालू होती का, हेच आधी विचारतील. नूतनीकरण होईपर्यंत दुसरे भूलतज्ज्ञ बोलवा. खर्च येतो, माहीत आहे.

नोंदवही

मान्य, निवडक केसेससाठी तुमचाच सल्ला बरा. माझ्या मनात ज्या तालुक्यात दुसरा भूलतज्ज्ञच नाही आणि सिझेरियन समोर आहे ती परिस्थिती होती. नाशिकमध्ये ती सबब चालणार नाही.

क्रेडेन्शियल_डेस्क

दप्तर_नाशिक, सोनोग्राफी करणारे डॉक्टर असतील तर त्यांची तपासणी वेगळी काढा. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या) नोंदणीत त्यांचं नाव, पात्रता आणि मशीन हे सगळं जसं लिहिलं आहे तसंच कौन्सिलच्या नोंदीशी जुळलं पाहिजे, आणि एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर काम करता येतं. ते आणखी कुठे जातात हे त्यांच्याकडून लेखी घ्या. तिथे स्पेलिंगच्या फरकावरूनही नोटीस निघू शकते.

सगळ्यांची एकच यादी करा: नाव नोंदवहीप्रमाणे, कौन्सिल, नंबर, नोंदणीची तारीख, मुदत कधी संपते, अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन चढलं का, पदवी कोणाकडून पडताळली, तपासणीची तारीख. मुदत संपायच्या सहा महिने आधी डॉक्टरांना पत्र जाईल अशी आठवण लावा, कारण पॉइंट कमी असतील तर ते एका महिन्यात गोळा होत नाहीत. निलंबनाची तपासणी मात्र दर तीन महिन्यांनी सगळ्यांचीच. नेमणुकीच्या दिवशी स्वच्छ असलेली नोंद नंतर निलंबित होऊ शकते आणि कौन्सिल प्रत्येक हॉस्पिटलला वेगळं कळवेल अशी आशा धरू नका. राज्य कौन्सिलच्या शिक्षेवर डॉक्टरांना ६० दिवसांत दिल्लीला अपील करता येतं, म्हणून कोणी ‘अपील केलंय’ म्हणालं तर स्थगितीचा आदेश मागा. नुसतं अपील म्हणजे स्थगिती नाही.

आणि आधारच्या झेरॉक्स त्या फाइलमध्ये उघड्या ठेवू नका. पहिले आठ आकडे झाकून घ्या, ओळख पटवायला तेवढं पुरतं.

दप्तर_नाशिक

आरएमओंचा नंबर त्यांच्या कौन्सिलच्या यादीत सापडला, नाव बरोबर. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचा अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशनचा अर्ज झालेलाच नव्हता, आज भरायला घेतायत. फॉर्मवर पदवीचं नाव ‘एमएस ओबीजीवाय’ असं लिहू की पूर्ण?

नोंदवही

विद्यापीठाच्या सर्टिफिकेटवर जसं छापलंय तसं, अक्षरन् अक्षर. तिथे ‘ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी’ असेल तर तेच. आणि कॉलेजचं नावही त्या काळातलं. पुढे नाव बदललं असेल तर नवं लिहू नका.